रेस्ट एरियातला अर्धा तास

आरव्ही रस्त्यावर धावत असते तोवर आतला कुत्रा किंवा मांजर बहुधा सुखरूप असतं. क्रेट पट्ट्याने बांधलेला, एसी चालू, दार बंद आणि चालवणारा सावध. घोटाळे होतात ते चाकं थांबल्यावर. कुत्रा हरवतो तो रेस्ट एरियात, त्याला ऊन बाधतं ते उभ्या गाडीत आणि नको ते त्याच्या पोटात जातं ते पिकनिकच्या बाकाखाली. म्हणून मुक्कामाच्या कॅम्पग्राउंडचा आपण जेवढा विचार करतो, तेवढाच मधल्या थांब्यांचाही करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

अमेरिकेतल्या मराठी घरांतून उन्हाळ्यात आरव्ही भाड्याने घेऊन निघणं आता नवलाचं राहिलेलं नाही. भारतातून आई-बाबा आलेले असतात, मुलांना सुट्टी असते आणि कुत्र्याला केनेलमध्ये ठेवणं सगळ्यांच्याच जिवावर येतं. भाड्याच्या बऱ्याच आरव्हींमध्ये प्राणी चालतात, पण गाडी ठरवतानाच विचारून घ्या. काही ठिकाणी प्राण्याचे वेगळे पैसे पडतात, गाडी परत करताना गादीवर केस सापडले तर सफाईचे आणखी वेगळे.

इंटरस्टेटवरचा रेस्ट एरिया म्हणजे आपल्याकडचा हायवेवरचा फूड मॉल नव्हे. १९५६च्या महामार्ग कायद्याने इंटरस्टेटच्या हद्दीत पेट्रोल पंप आणि दुकानांना मनाई केली, त्यामुळे तिथे स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, बाकं, नकाशा आणि खाण्याची दोन-चार यंत्रं एवढंच मिळतं. पेन्सिल्व्हेनिया किंवा न्यू यॉर्कसारख्या जुन्या टोल-रस्त्यांवर जे मोठे सर्व्हिस प्लाझा दिसतात, ते त्या नियमातून सुटलेले. प्राणी बरोबर असेल तर मला साधा रेस्ट एरियाच बरा वाटतो. गर्दी कमी, झाडं जास्त आणि बहुतेक ठिकाणी ‘पेट एरिया’ अशी पाटी लावून राखलेला गवताचा तुकडा. ट्रक स्टॉपवर डिझेल, प्रोपेन, गरम जेवण सगळं मिळतं, काही साखळ्यांनी कुत्र्यांसाठी कुंपण घातलेली अंगणंही केली आहेत. पण तिथे अठरा चाकी ट्रक सतत वळत असतात आणि एअर ब्रेकच्या फुसकाऱ्याने धीट कुत्राही बिचकतो. इंधन ट्रक स्टॉपवर भरावं आणि कुत्र्याला रेस्ट एरियात उतरवावं.

किती वेळाने थांबायचं? मोठ्या, धडधाकट कुत्र्यासाठी दोन-तीन तासांचा हिशेब पुरतो. पिल्लू, म्हातारा कुत्रा किंवा लघवीच्या आजाराचं औषध चालू असलेला कुत्रा असेल, तर त्याआधी. आरव्हीची टाकी मोठी असते, चारशे मैल न थांबता जाता येतं, आणि गफलत नेमकी तिथेच होते. थांबे टाकीवरून न ठरवता कुत्र्यावरून ठरवा. पश्चिमेकडच्या राज्यांत तर त्यात तापमानाचाही हिशेब धरावा लागतो.

बे एरियातून ग्रँड कॅन्यनला जाण्याचा नेहमीचा रस्ता घ्या: बेकर्सफील्ड, बार्स्टो, मग इंटरस्टेट ४० धरून नीडल्स, किंगमन आणि विल्यम्सला उत्तरेकडे वळण. यातला बार्स्टो ते नीडल्स हा सुमारे दीडशे मैलांचा पट्टा मोहावी वाळवंटातून जातो. नीडल्स समुद्रसपाटीपासून जेमतेम ५०० फुटांवर आहे आणि जुलैत दुपारी पारा ११० अंश फॅरनहाइटच्या आसपास असतो. किंगमन ३,३०० फुटांवर, कॅन्यनचा दक्षिण कडा ७,००० फुटांवर. म्हणजे रस्ता जसा चढत जातो, तशी हवा सुसह्य होत जाते. मग बेत सोपा आहे. रात्र बार्स्टोला काढा, पहाटे पाचला निघा, नीडल्सपाशी ऊन तापण्याआधी पाच-दहा मिनिटांत कुत्र्याचे विधी उरका आणि निवांत थांबा किंगमनला घ्या. दुपारी दोनला नीडल्समध्ये कुत्र्याला उतरवायची वेळ आली, तर चूक त्या जागेची नसून आदल्या रात्रीच्या बेताची असते.

गाडी आत घेताना पाट्या दोन दिसतात, एक कारसाठी आणि एक ट्रक व मोठ्या वाहनांसाठी. पंचवीस फुटांहून लांब आरव्ही किंवा मागे ट्रेलर असेल, तर ट्रकच्याच बाजूला जावं लागतं. तिथे शक्यतो टोकाची जागा धरा. शीतपेटी ओढणाऱ्या ट्रकशेजारी उभे राहिलात, तर त्याचं यंत्र रात्रभर घरघरतं आणि धूर तुमच्या खिडकीत येतो. दारासमोर गवत येईल आणि वाहनांची वाट पाठीमागे पडेल, अशी गाडी लावता आली तर उत्तम. अमेरिकेतल्या आरव्हींचं दार बहुतेक उजव्या बाजूला असतं, हे आत शिरतानाच ध्यानात ठेवलं तर हे जमतं.

आता दार. या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल, तर ते दाराबद्दलचं ठेवा. घराच्या दाराबाहेर ओटा असतो, अंगण असतं, ओळखीचा वास असतो. आरव्हीच्या दाराबाहेर दर तीन तासांनी नवीन जग असतं आणि शंभर पावलांवर ताशी सत्तर मैलांनी धावणारी वाहनं. एरवी हाकेला धावून येणारा कुत्राही अशा जागी घाबरला, की हाक ऐकत नाही. म्हणून क्रम ठरवून टाका आणि तो मोडू नका. इंजिन बंद होतं, पण क्रेट उघडत नाही. आधी एक माणूस खाली उतरून आजूबाजूला मोकळं कुत्रं नाही ना, जमिनीवर काचा नाहीत ना, हे पाहतो. मग आतला माणूस क्रेटच्या दाराशी बसून हार्नेसला पट्टा अडकवतो, त्याचं दुसरं टोक मनगटात घालतो, आणि त्यानंतरच गाडीचं दार उघडतं. नुसत्या गळपट्ट्यावर विसंबू नका. घाबरलेला कुत्रा मागे सरकतो आणि डोकं अलगद सोडवून घेतो. छातीवरून बांधलेल्या हार्नेसमधून तसं निसटणं कठीण जातं. लांबत जाणारी, चक्रीची दोरी रेस्ट एरियात नकोच. सहा फुटी साधा पट्टा बरा.

आरव्हीत सहा-सात माणसं असतात आणि प्रत्येकाला एकाच वेळी उतरायचं असतं. मुलांना स्वच्छतागृहाची घाई, बाबांना पाय मोकळे करायचे, आईला चहाचा थर्मास काढायचा. दार तीनदा उघडतं, तीनदा बंद होतं आणि चौथ्यांदा कोणाच्याच लक्षात राहत नाही. यावर उपाय एकच: दार उघडायचा हक्क एका माणसाकडे. घरात वडीलधारे असले की त्यांना “थांबा” म्हणणं जड जातं, हे खरं. तेव्हा निघण्यापूर्वीच सांगून ठेवावं. “आई, मी दार उघडेपर्यंत बसूनच राहा हं,” हे घरच्या अंगणात ऐकायला कोणाला वाईट वाटत नाही. वाटेत घाईघाईत ओरडून सांगितलं, तर वाटतं.

गळ्यातल्या बिल्ल्यावर घरचा पत्ता असून प्रवासात उपयोग नाही, चालू असलेला मोबाइल नंबर हवा. मायक्रोचिपचंही तसंच. त्या चिपमध्ये फक्त एक क्रमांक असतो. तुमचं नाव आणि फोन नोंदणी करणाऱ्या कंपनीच्या यादीत असतात. दोन घरं बदलून झाली तरी ती नोंद जुनीच असते, असं पुष्कळदा आढळतं. निघण्याच्या आठवड्यात ती तपासायला पाच मिनिटं लागतात.

मांजराचं गणित वेगळं आहे. त्याला बाहेर नेण्याची गरजच नाही. गाडी थांबली, दारं-खिडक्या बंद आहेत याची खात्री झाली, की कॅरिअर उघडून लिटर बॉक्स आणि पाणी पुढे ठेवा. खाईल तर खाईल. पुष्कळ मांजरं दिवसभर काही खात नाहीत आणि मुक्कामाला पोचल्यावर रात्री जेवतात. मांजराला खरा धोका आहे तो स्लाइड-आउटचा, म्हणजे बटण दाबल्यावर भिंत बाहेर सरकून खोली मोठी होते, त्या यंत्रणेचा. तिच्या फटी मांजराला लपायला फार आवडतात. रेस्ट एरियात स्लाइड उघडूच नये, तेवढी जागाही तिथे नसते. मुक्कामाच्या ठिकाणी उघडली, तर आत-बाहेर करताना मांजर कॅरिअरमध्ये डोळ्यांसमोर हवं. “पलंगाखाली असेल” हे उत्तर चालणार नाही. आणि कुत्रा-मांजर दोन्ही बरोबर असतील तर एक सूचना: कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या गोचिडांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला विषारी आहे. छोट्या गाडीत दोघं एकाच गादीवर झोपतात, तेव्हा औषध डॉक्टरांना विचारूनच निवडा.

उतरलात की पहिला प्रश्न पायाखालच्या डांबराचा. हवा नव्वद अंशांची असली, तरी उन्हातलं डांबर त्याहून कितीतरी तापलेलं असतं. तळहाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद टेकून पाहा. टेकवत नसेल, तर लहान कुत्र्याला उचलून गवतापर्यंत न्या आणि मोठ्याला पायमोजे घाला. ते मोजे घरी चार दिवस घालून सवय केलेली असावी, नाहीतर तो भर रस्त्यात पाय झाडत बसतो.

गवतातही डोळे उघडे हवेत. लोकांनी फेकलेली कोंबडीची हाडं हा तिथला नेहमीचा प्रकार. कॅलिफोर्निया आणि आसपासच्या राज्यांत उन्हाळ्यात फॉक्सटेल नावाच्या गवताची वाळलेली कुसळं कुत्र्याच्या बोटांत, कानात, नाकात शिरतात आणि आत-आतच सरकत राहतात. फिरून आल्यावर पंजे उलटून पाहणं आणि कान चाचपणं हे कामच समजा. कुत्रा एकाएकी सारखा शिंकू लागला, तर नाकात कुसळ गेल्याची शक्यता धरा आणि डॉक्टर गाठा. टेक्सास-ॲरिझोनाकडे रॅटलस्नेकच्या पाट्या लावलेल्या असतात, त्या शोभेच्या नव्हेत; पायवाट सोडू नका. दक्षिणेत लाल मुंग्यांची वारुळं. पार्किंगमध्ये हिरवट किंवा केशरी थारोळं दिसलं, तर कुत्र्याला दूर ओढा. इंजिनातलं अँटीफ्रीझ चवीला गोड आणि मूत्रपिंडाला घातक असतं. लसी पूर्ण न झालेल्या पिल्लाला तर या सार्वजनिक गवतावर सोडूच नये. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि देशभरचे कुत्रे त्या एका तुकड्यावर येऊन गेलेले असतात.

घाण उचलायची, पिशवी बांधायची, डब्यात टाकायची. ती आरव्हीच्या संडासात टाकू नका, मांजराची वाळू तर मुळीच नको. टाकीत ती सिमेंटसारखी बसते.

आता आपल्या डब्याबद्दल, कारण इंग्रजी माहितीपत्रकांत हे सापडत नाही. मराठी माणसाच्या प्रवासाच्या डब्यात लसणाची चटणी असते, कांदा घातलेली थालीपिठं असतात, बेदाणे घातलेला चिवडा असतो आणि माथ्यावर बेदाणा टोचलेले बेसनाचे लाडू असतात. यातलं प्रत्येक कुत्र्याला अपायकारक आहे. कांदा आणि लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. लसूण कांद्याहून जहाल, आणि शिजवल्याने किंवा वाळवल्याने विष जात नाही. परिणाम दोन-चार दिवसांनी दिसतो, तोवर कारण कोणाला आठवत नाही. बेदाणे-मनुका आणि द्राक्षं यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, आणि किती खाल्ले तर चालतील याची सुरक्षित मर्यादा डॉक्टर सांगत नाहीत. मुलांच्या खाऊतलं चॉकलेट, वाटेत घेतलेल्या मिक्स नट्समधले मॅकेडेमिया, साखर नसलेल्या च्युइंगगममधलं झायलिटॉल ही आणखी नावं. झायलिटॉलने कुत्र्याची रक्तशर्करा अर्ध्या-एक तासात कोसळू शकते.

“एवढ्याशा चिवड्याने काय होतंय त्याला!” असं म्हणून प्रेमाने घास पुढे करणारी आजी बहुतेक आरव्हींत असते. तिला अडवण्यापेक्षा तिच्या हातात द्यायला काहीतरी असू द्या. फोडणी न घातलेला, बिनमिठाचा दहीभात, उकडलेल्या गाजराचे तुकडे, साल काढलेलं सफरचंद. आजीचाही मान राहतो आणि कुत्र्याचंही पोट. चुकून काही पोटात गेलंच, तर लक्षणांची वाट पाहू नका. काय खाल्लं, किती आणि कधी, कुत्र्याचं वजन किती, हे चार मुद्दे हाताशी ठेवून एएसपीसीएच्या विषबाधा केंद्राला ८८८-४२६-४४३५ वर फोन करा. फोन चोवीस तास चालतो, सल्ल्याचे पैसे पडू शकतात. उलटी करवण्याचे घरगुती उपाय स्वतःच्या मनाने करू नका.

नेहमीचं पूर्ण जेवण थांब्यावर देण्यापेक्षा निघण्याच्या तीन-चार तास आधी द्यावं आणि मग मुक्कामावर. मध्ये पाणी मात्र दर थांब्याला, थोडं थोडं. गाडी लागणाऱ्या कुत्र्यांसाठी सेरेनिया नावाचं औषध आहे, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळतं.

यानंतर सगळ्यात गाफीलपणे होणारी गोष्ट: “दहा मिनिटांत येतो” म्हणून प्राण्याला गाडीत ठेवून सगळ्यांनी उतरणं. आरव्ही मोठी असते, पडदे असतात, फ्रिज असतो, म्हणून ती घर वाटते. उन्हात ती तापते मात्र गाडीसारखीच. बंद कारवर केलेला एक अभ्यास २००५ साली ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. बाहेर ७२ ते ९६ अंश असताना आतलं तापमान तासाभरात सरासरी ४० अंशांनी वाढलं, त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासात झाली, आणि खिडक्या किंचित उघड्या ठेवून काही फरक पडला नाही.

“पण आपल्या छतावर एसी आहे की!” आहे, पण तो कशावर चालतो ते पाहा. डॅशबोर्डमधला एसी इंजिन चालू असेतोवरच. छतावरचा एसी साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालत नाही. त्याला कॅम्पग्राउंडची वीज लागते किंवा जनरेटर. रेस्ट एरियात विजेची जोडणी नसते, म्हणजे जनरेटर आला. बहुतेक मोटरहोममध्ये तो गाडीच्याच टाकीतून इंधन घेतो आणि टाकी पाव भरलेली उरली, की आपोआप बंद पडतो, म्हणजे तुम्हाला पंपापर्यंत जाता यावं. सोय तुमच्यासाठी उत्तम, आत बसलेल्या कुत्र्यासाठी नाही. उकाड्यात जनरेटर तापूनही थांबू शकतो. तेव्हा तो चालू असला तरी एक माणूस गाडीत राहील, हा नियम करा. पाळीपाळीने उतरा. मोबाइल जोडणीवरून तापमान कळवणारी यंत्रं मिळतात, ती जरूर लावा, पण वाळवंटात सिग्नल नसला तर ती गप्प राहतात. कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांत तापलेल्या वाहनात प्राणी ठेवणं गुन्हा आहे. जनरेटर लावताना कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालतो का, हेही पाहून घ्या, आणि शेजाऱ्याचा धूर आपल्या खिडकीत येत असेल तर जागा बदला.

दाट केसांच्या हस्कीपेक्षाही चपट्या तोंडाचे पग आणि बुलडॉग उन्हाने लवकर कोसळतात, कारण धापा टाकून अंग निववणं त्यांना नीट जमतच नाही. घट्ट लाळ, लालबुंद हिरड्या, लटपटणारे पाय, ओकारी ही लक्षणं दिसली की आधी सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि तसंच ओलं अंग घेऊन दवाखाना गाठा. रस्त्यावरून फोन करताना “कुठे आहात” या प्रश्नाचं उत्तर गावाच्या नावाने देता येत नाही. रस्त्याचा क्रमांक, दिशा आणि कडेच्या हिरव्या पाटीवरचा मैलाचा आकडा सांगा. प्रत्येक थांब्याला तो आकडा सहज पाहून ठेवायची सवय चांगली.

रात्री रेस्ट एरियातच झोपायचं असेल, तर त्या राज्याचा नियम आधी पाहा. टेक्सासमध्ये २४ तास थांबता येतं, ओरेगॉनमध्ये १२, कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन राज्यात ८, फ्लोरिडात फक्त ३. छत्री उघडणं, खुर्च्या मांडणं, कुत्र्याला चाकाशी बांधून ठेवणं हे सारं कॅम्पग्राउंडचं. रेस्ट एरियात नाही. रात्रीचा शेवटचा फेरा दिव्यांच्या उजेडात आणि दोघांनी मिळून करावा.

राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशी पोचलात की नियम पुन्हा बदलतात, आणि बरेच जण इथे निराश होतात. यलोस्टोनमध्ये कुत्र्याला रस्ते, पार्किंग आणि कॅम्पग्राउंडपासून १०० फुटांच्या आतच राहावं लागतं. लाकडी पुलवाटांवर आणि पायवाटांवर बंदी. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर कडेकडेने पट्ट्यात फिरवता येतं, दरीत उतरवता येत नाही, शटल बसमध्येही नाही. दिवसभर ठेवायला तिथे केनेल आहे, पण जागा आधी राखावी लागते. कुत्रा आहे म्हणून विजेची जोडणी हवीच असेल, तर तिथल्या माथर कॅम्पग्राउंडमध्ये ती नाही, ट्रेलर व्हिलेजमध्ये आहे. इतकं कळल्यावर काही घरं उद्यानाऐवजी नॅशनल फॉरेस्टची वाट धरतात. तिथे पट्ट्यातल्या कुत्र्याला बहुतेक पायवाटा मोकळ्या असतात, आणि मला तरी ती निवड शहाणपणाची वाटते.

रेबीजच्या लसीचा दाखला कागदावर आणि फोनमध्ये, दोन्हीकडे असू द्या. नायगाऱ्याला जाऊन सहज पलीकडे कॅनडात डोकवायचं मनात असेल, तर तीन महिन्यांवरच्या कुत्र्यासाठी तो लागतोच. परत येताना १ ऑगस्ट २०२४पासूनचे सीडीसीचे नियम लागू होतात: कुत्रा किमान सहा महिन्यांचा, मायक्रोचिप लावलेला, आणि आयातीचा ऑनलाइन अर्ज भरल्याची पावती हातात. अर्ज फुकट आहे आणि फोनवरूनही भरता येतो, पण पुलावरच्या रांगेत उभं राहून भरण्यापेक्षा आदल्या रात्री भरलेला बरा.